मीठ उतरायला ठेवलेला दगड

माझ्या वडिलांना कुणी चोर म्हणेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. आणि म्हटलंच कुणी, तर ते माझ्या सख्ख्या नातीने म्हणावं, तेही नवरात्रात, हळदीकुंकवाला आलेल्या चौदा बायकांसमोर, हे तर स्वप्नातही नाही.

दोष तिचा एकटीचा नव्हता. दरवर्षी तीच गोष्ट तिखटमीठ लावून सांगायची माझी खोड. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. साडेतीनशे वर्षांत आमच्या मराठीत कानडी मुरलं आणि आमच्या नवरात्रात गोंबे आले, म्हणजे बाहुल्यांची मांडणी. पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरं वस्त्र अंथरायचं, सगळ्यात वर लग्नात मिळालेली राजाराणीची लाकडी जोडी, आणि खाली देव, दानव, वाणी, वाण्याची बायको, क्रिकेटचा संघ, घरात जे असेल ते. पायथ्याशी नाचणी पेरून हिरवं रान उगवायचं. आमच्या रानात एक दगड असतो. वीतभर उंच, काळाभोर, सहा बाजूंचा. तो आमचा कैलास. शंकरपार्वती त्याच्यावर बसतात.

"हा दगड माझ्या अण्णांनी समुद्रातल्या बेटावरून आणलाय," मी बायकांना सांगत होते. "मलपेसमोर सेंट मेरीची बेटं आहेत ना, तिथून. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थंड होताना तडकला आणि त्याचे असे सहा बाजूंचे खांब झाले. कुणी घडवले नाहीत. निसर्गाला भूमिती येते ती अशी."

शेवटचं वाक्य माझं ठरलेलं आहे. बसवनगुडीच्या शाळेत मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं. षटकोनाचा धडा आला की दगड पिशवीत घालून मी वर्गात न्यायची आणि हेच वाक्य फेकायची. मुलं मला पाठीमागे काटकोन म्हणत. म्हणोत बापडी, काटकोनाला मान असतो.

तर मी वाक्य फेकलं आणि कोपऱ्यातून रक्षिताचा आवाज आला. माझ्या अभिमन्यूची मुलगी, वय वर्षं अकरा, डोकं मोबाइलमध्ये. "आजी, इथे लिहिलंय की तिथले स्टोन्स घ्यायला अलाउड नाही. नॅशनल मॉन्युमेंट आहे ते. म्हणजे पणजोबांनी हा चोरला ना?"

बायका हसल्या असत्या तर बरं झालं असतं.  एकीने कोसंबरीची वाटी उचलून "डाळ छान भिजलीये हं" म्हटलं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. माझे वडील भगवंतराव वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. चिकपेटेतल्या दुकानांच्या तागड्या आणि गज तपासायचं त्यांचं काम. उन्हात पायी फिरायचे, पण दुकानदाराच्या हातचा पाण्याचा पेला घ्यायचे नाहीत. पाण्याचा तांब्या स्वतःच्या पिशवीत. नवरात्र आलं की दुकानदार हमखास बाहुल्या पाठवत, मुलीसाठी म्हणून. अण्णा त्या त्याच पावली परत करत आणि मी दाराआड उभी राहून रडत असे. त्यातूनच आमच्या घरचा नियम झाला: मांडणीत फुकटाचं काही ठेवायचं नाही. एकतर पैसे देऊन घ्यायचं, नाहीतर हाताने करायचं. हा नियम रक्षिताला मीच शिकवला होता, तिने शेजारणीकडून उचलून आणलेला प्लास्टिकचा हत्ती परत करायला लावून.

"मग शंकरपार्वती चोरीच्या स्टोनवर का?" असं म्हणून तिने दोघांना उचललं आणि खालच्या पायरीवर वाण्याशेजारी नेऊन बसवलं. "आजी, रूल तूच सांगितलास."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "तुझ्या पणजोबांच्या नखाची सर नाही तुला" हे त्यातलं सौम्य वाक्य. पोर रडली. तिची आई सुखदा, माझी सून, पुण्याची आहे. भांडणात पडायचं नाही हे तिला कळतं. तिने रक्षिताला घेतलं आणि दोघी सर्जापूर रोडला, आपल्या फ्लॅटवर निघून गेल्या. अभिमन्यू मांडणी उतरवायच्या दिवशी एकटाच आला.

पुढचे दोन महिने मी मनातल्या मनात वकिली केली. चौऱ्याहत्तर साली कुठला आला होता कायदा. अख्ख्या बेटातला वीतभर तुकडा. पण समोर न्यायाधीश म्हणून अण्णाच बसलेले दिसायचे आणि ते म्हणायचे, "मथुरे, वीतभर कमी म्हणजेही कमीच." चिकपेटेत ते दुकानदारांना हेच सांगत. म्हणजे पोर खरं बोलली होती. मला राग आला होता तो त्याचाच.

जानेवारीत मी अभिमन्यूला फोन करून सांगितलं, "दगड परत करायला जायचं आहे. गाडी काढ."

"कुरियर करूया ना, आई," तो म्हणाला. बाकी हुशार मुलगा आहे.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात आम्ही तिघं उडुपीला देवदर्शनाला गेलो होतो. अण्णा, आई आणि दहा वर्षांची मी. समुद्र मी पहिल्यांदा बघत होते. मलपेच्या बंदरात एका मासेवाल्याने विचारलं, बेट बघायचं का, आणि अण्णांनी घासाघीस न करता होडी ठरवली. घासाघीस न करणारे अण्णा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. समुद्राने त्यांचंही डोकं फिरवलं असावं. होडी हलायला लागल्यावर आईने डोळे मिटले ते बेटाला लागेपर्यंत उघडले नाहीत, आणि अण्णा मात्र टोपी मांडीवर ठेवून, केस उडवत, मुलासारखे हसत होते.

बेटाच्या पश्चिमेला खांबाखांबांचा एक उंच कातळ होता, पाय थेट पाण्यात. लाट आपटली की तुषार निम्म्यापर्यंत यायचे. होडीवाल्याने सांगितलं की हे खांब माणसाने केलेले नाहीत, आणि तिथून माझं सुरू झालं. मला ह्यातला एक हवा. गोंब्यांच्या रानात डोंगर करायला. आई म्हणाली, "घरी मातीचा करू." मी म्हटलं, "मातीचा सगळ्यांकडे असतो." आणि वाळूत बसकण मारली. परत केलेल्या सगळ्या बाहुल्यांचं रडणं मी त्या दिवशी एकदम काढलं.

अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचलं, पिशवी खांद्याला लावली. मला म्हणाले, "तू खाली थांब. मी बघून येतो." आणि ते कातळावर चढले. कचेरीत फायली उपसणारा माणूस, पण चढले. वर गेल्यावर दिसेनासे झाले. मी शंभरपर्यंत आकडे मोजले, चार वेळा. उतरले तेव्हा नडगी खरचटलेली होती.

"आणलात?" मी विचारलं.

त्यांनी आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणला. पण पिशवी इथे उघडायची नाही. घरी गेल्यावर."

परतीच्या होडीत पिशवी मी मांडीवर घेऊन बसले होते. जड होती. वरून हात फिरवला की आत टणक लागायचं. तेवढा आनंद मला पुढे लग्नात झाला नाही, आणि माझा नवरा चांगला होता.

घरी पोचल्यावर मात्र दगड मिळाला नाही. अण्णा म्हणाले, "त्यात समुद्राचं मीठ मुरलंय. तसाच ठेवला तर फुटेल. मीठ उतरायला नागराजकडे दिलाय." नागराज आमचा पाथरवट. बुल टेंपलच्या उताराला झाडाखाली बसायचा आणि घरोघर जाऊन पाट्यांना टाकी लावून द्यायचा. शाळेतून येताना मी रोज त्याला विचारायची, झालं का. तो छिन्नी खाली ठेवून गंभीरपणे सांगायचा, "इन्नू स्वल्प उप्पु इदे, मगू." अजून थोडं मीठ आहे, बाळ. असं चार महिने चाललं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अण्णांनी फडक्यात गुंडाळलेला दगड माझ्या हातात ठेवला. सहाच्या सहा बाजू आखल्यासारख्या. खाली बुडाला बारीक बारीक खळगे होते. आई म्हणाली, "समुद्रातल्या किड्यांनी खाल्लाय." तिने त्याला तेल चोळून काळाभोर केला. पुढे दरवर्षी नवरात्राआधी तेल चोळायचं आणि नंतर जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवायचं, हे तिचं काम. ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं. अण्णा बायकांना दगडाची गोष्ट सांगायला लागले की आई गोंब्यांकडे तोंड करून काहीतरी नीट करत बसायची.

निघायच्या आदल्या दिवशी मी दगड सोड्याने घासून स्वच्छ केला. दुसऱ्याची वस्तू मळकी परत करू नये. पन्नास वर्षांचं तेल निघालं आणि खालून करडा रंग आला, मध्ये पांढऱ्या रेघा. मला गंमत वाटली. म्हटलं, नागराज खरंच सांगत होता, मीठ अजून आहे.

गाडीत रक्षिता कानात बोंडं घालून खिडकीकडे तोंड करून बसली होती. नवरात्रानंतर ती माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलत होती. मी दगड पोहे ठेवायच्या स्टीलच्या डब्यात घालून डबा पिशवीत ठेवला होता आणि पिशवी पायांशी. घाट उतरताना डबा खणखणायचा. सुखदाने एकदा विचारलं, "आई, डबा डिकीत ठेवूया का?" मी नको म्हटलं.

मलपेला आता मोठ्या बोटी आहेत, नारिंगी जाकिटं आहेत, गाणी लावतात. बोटीवरच्या माणसाने मला हात द्यायला पिशवी घेतली आणि वाकलाच. "एनक्का, चीलदल्ली कल्लु इदेया?" काय अक्का, पिशवीत दगड आहे का?

"हौदु," मी म्हटलं. हो, आहे. तो खो खो हसला.

बेट ओळखू आलं नाही, कातळ ओळखला. चौथरे, फलक, शिट्या वाजवणारे पहारेकरी, हे सगळं नवं. पाण्याच्या बाजूला दोरी बांधली होती. अलीकडून चढायला मुभा होती, आणि तरुण पोरं वर जाऊन हात पसरून फोटो काढत होती. कातळ माझ्या आठवणीपेक्षा बुटका होता, पण माझे गुडघेही आठवणीतले राहिले नव्हते.

"आई, खालीच ठेव ना," अभिमन्यू म्हणाला. "दगड दगडांत मिळून जाईल."

"वरून उचललेला खाली टाकला तर त्याला परत करणं म्हणत नाहीत."

"आणि पडलीस म्हणजे?"

"पडले तर तुझी सुटका होईल."

सुखदाने माझ्या गुडघ्याचा पट्टा आवळून दिला. तेवढ्यात रक्षिताने कानातली बोंडं काढली. "मी जाते आजीबरोबर. तो कुठे फिट होतो ते मला बघायचंय." आणि तिने पिशवी खांद्याला लावली.

ती पुढे, मी मागे. खांब उंचसखल असल्यामुळे पायऱ्या आपोआप झालेल्या, पण एकही पायरी दुसरीसारखी नाही. "आजी, लेफ्ट पाय इथे. आता हात इकडे." मी निमूट ऐकत होते. तेहतीस वर्षं मी पोरांना हात धरून पुढे नेलं, आता पोर मला नेत होती. मधे एकदा दम लागून बसले तेव्हा खाली लाट फुटली आणि तोंडावर पाणी आलं. ओठांवर मीठ लागलं आणि मला अण्णांची खरचटलेली नडगी आठवली. ते अनवाणी चढले होते.

वर सपाट होतं. खांबांची डोकी फरशीसारखी एकमेकांना लागून बसलेली. रक्षिताने डबा उघडला, दगड काढला आणि त्याची जागा शोधायला लागली. ह्या खांबाशी लाव, त्या फटीत बसव. तिच्या तोंडाने मोजणं चालू होतं. "हा फाइव्ह साइड्सचा आहे. हा सेव्हन. हा फोर. आजी, हा सिक्स आहे, पण वाकडा."

मी तिच्यामागून बघत होते. एकाही खांबाच्या बाजू सारख्या नव्हत्या. एक लांब, एक आखूड, एक कोन पसरट तर शेजारचा चिंचोळा. निसर्गाला भूमिती येत होती, पण पट्टी घेऊन नव्हे. आणि आमच्या दगडाचा प्रत्येक कोन एकशेवीस अंशांचा होता. हे मला मोजायची गरज नव्हती, मी तो शेकडो वेळा फळ्यावर गिरवला होता. तेहतीस वर्षं मी मुलांना निसर्ग म्हणून जे दाखवत आले, ते कंपासने आखलेलं होतं.

"कलरपण वेगळा आहे," रक्षिता म्हणाली. खालचा कातळ सगळा एकसारखा, काळपट तपकिरी. तिने बाटलीतलं पाणी आमच्या दगडावर ओतून पांढऱ्या रेघा बोटाने घासल्या. "आजी, हे सॉल्ट नाहीये. हे आतलंच आहे. आणि बघ, चमकतंय. आपण संडेला बसतो ना, बुगल रॉकवर, तो असाच आहे."

तो तसाच होता. बसवनगुडीत जन्म गेला माझा. बुगल रॉकच्या कातळावर मी घसरगुंडी खेळले, अभ्यास केला, अभिमन्यूला भरवलं. तो करडा रंग आणि त्यातली अभ्रकाची चमक मी ओळखू नये. पण तेल होतं, वर हळदकुंकू होतं, भोवती नाचणी होती, आणि मुख्य म्हणजे अण्णांनी सांगितलं होतं.

मी दगड हातात घेऊन पालथा केला. बुडाच्या खळग्यांवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्यानेच मला सांगितलं. लग्न होईपर्यंत मी आईच्या पाट्यावर चटणी वाटली आहे. टाकी लावलेला पाटा हाताला कसा लागतो ते मला कुणी शिकवायला नको. त्या खळग्यांवर नागराजची छिन्नी होती. समुद्रात असले किडे नसतात.

मी तिथेच बसले.

आमच्या भोवती तुकडे पडले होते. सुटे, मूठभर, वीतभर, हवे तेवढे. वाकून उचलायचा आणि पिशवीत टाकायचा, एवढंच काम. खाली मुलगी हटून बसलेली, बघायला चिटपाखरू नाही, मनाई नाही, फलक नाही. आणि अण्णा वर चारशे आकडे होईपर्यंत काय करत होते ते मला आता कळलं. ते ह्या तुकड्यांकडे बघत उभे होते. जागा सरकारची, आणि सरकारचं काही घरी न्यायचं नाही. मुलगी आपली, आणि तिला पुन्हा एकदा रिकाम्या हाताने परतवायची नाही. शेवटी ते दगड न घेताच उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. होडीत मी मांडीवर घेऊन बसले होते तो त्यांचा पाण्याचा तांब्या.

"आजी, रडतेस का?"

"हो," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. नागराज, मीठ, चार महिने, तांब्या.

रक्षिताने विचार केला. "म्हणजे पणजोबा खोटं बोलले."

"साफ खोटं बोलले."

"पण चोरलं नाही."

"नाही चोरलं."

"आणि नागराज अंकलना पैसे दिले असतील?"

"अण्णांनी? घासाघीस करून, पण पैपैसा दिला असणार."

 मग तिने दगड पुसला, डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं. "मग रूल तुटलाच नाही," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याला चिकटून बसली. मला अण्णांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की कशाचं रडू आवरतेय तेच कळेना. ते जाऊन एकोणतीस वर्षं झाली. मला एकदा तरी त्यांना म्हणायचं होतं की मला कळलं.

उतरून धक्क्यावर आलो तर तिथे पहारेकरी परतणाऱ्यांच्या पिशव्या तपासत होता. आमची उचलली, वाकला, डबा उघडला. दगड.

त्याने माझ्याकडे पाहिलं ती नजर मी ओळखते. कॉपी पकडल्यावर मी मुलांकडे तशी बघायची. "मेडम, इथला दगड न्यायला बंदी आहे. वयाने मोठ्या आहात तुम्ही. इथेच ठेवा तो."

सकाळी हाच माणूस म्हणाला असता तर मी आनंदाने ठेवला असता. ठेवायलाच तर आले होते. पण आता माझ्या अंगात चिकपेट संचारली. "हा माझा आहे," मी म्हटलं, "घरून आणलाय." मागे रांगेत लोक हसले. घरून बेटावर दगड घेऊन कोण येतं. अभिमन्यू पुटपुटला, "आई, देऊन टाक ना." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे. इथे तर चोरच नव्हता.

रक्षिता पुढे झाली. तिने मोबाइलवर गेल्या नवरात्राचा फोटो काढून दाखवला, नाचणीच्या रानात कैलास, खालच्या पायरीवर वाण्याशेजारी बसलेले शंकरपार्वती. मग दगड उचलून त्याचं बूड पहारेकऱ्यासमोर धरलं आणि शाळेतल्या कानडीत, घाबरत पण मोठ्याने म्हणाली, "इदु कद्दिद्दल्ल, अंकल. नम्म मुत्तज्ज दुड्डु कोट्टु माडिसिद्दु."

हा चोरलेला नाही. आमच्या पणजोबांनी पैसे देऊन करून घेतलाय.

चौदा बायकांसमोर जे म्हटलं गेलं होतं, ते धक्क्यावरच्या साठसत्तर माणसांसमोर परत घेतलं गेलं. पहारेकऱ्याने खळग्यांवरून अंगठा फिरवला. तो थांबला, पुन्हा फिरवला. "हे तर रुब्बो कल्लूचं, वाटायच्या दगडाचं काम आहे," तो म्हणाला. "माझ्या आजीच्या घरी आहे असला." मग दगड स्वतःच डब्यात ठेवून त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "होगि, अक्का." जा, अक्का.

बोटीत रक्षिताने पिशवी माझ्याकडून मागून घेतली आणि मांडीवर ठेवली. वरून हात फिरवून आत टणक लागतंय का ते तिने बघितलं. कातळ मागे मागे जात लहान झाला. एकावन्न वर्षं मी जगाला सांगत आले होते की हा दगड त्या कातळाच्या माथ्यावरून होडीत बसून बेंगळूरला आला. आज तो खरोखरच तसा निघाला होता.